जाहिरातीतला वेग आणि घरातला वेग

मराठी व्याकरण शिकविताना शब्दयोगी अव्ययांची जी उदाहरणे द्यावी लागतात, त्यांत ‘पर्यंत’ हे एक हमखास असते. या लहानशा शब्दाचे खरे सामर्थ्य मात्र आम्हांस व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इंटरनेटच्या जाहिरातींतून अधिक उमगले. ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग’ असे एखादी कंपनी छापते, तेव्हा १०० हा आकडा मोठ्या ठळक टाइपात असतो आणि ‘पर्यंत’ हे अव्यय शोधून काढावे लागते. घेणारा १०० वाचतो. देणारा ‘पर्यंत’च्या आधारावर निर्धास्त असतो. पुढे घरातल्या आतल्या खोलीत नातवाचा वर्ग अडखळू लागला, की दोघांचा वाद सुरू होतो आणि बहुधा तो निकालाविना राहतो.

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेले आहेत. बेळगाव असो, इंदूर-ग्वाल्हेर असो, बडोदे वा हैदराबाद असो, आपल्या घरांचे एक लक्षण आता सारखेच झाले आहे. वडीलधारी मंडळी मूळ घरात आहेत. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळूरला, कोणाचे तरी बिऱ्हाड सातासमुद्रापलीकडे. आठवड्यातून एकदा नातवंडांचे तोंड दिसते ते या काचेच्या तंतूच्या कृपेने. घरात राहून कचेरीचे काम करणारी सून, प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा मुलगा, कीर्तन-प्रवचन ऐकणाऱ्या आजी, या सर्वांची मदार त्याच एका तंतूवर असते. अशा वेळी ‘वेग येत नाही’ ही तक्रार केवळ चैनीची राहत नाही. दरमहा भरलेल्या पैशांचा आणि घरच्या माणसांच्या कामाचा तो प्रश्न होतो.

या प्रश्नाविषयी आम्हांस एकच गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. पूर्ण वेग न मिळण्याचे कारण पुष्कळदा आपल्याच उंबरठ्याच्या आत असते आणि काही वेळा ते खरोखर कंपनीकडे असते. हे दोन प्रकार वेगळे ओळखण्याचा उपाय म्हणजे पद्धतशीर मोजणी. ती न करता केलेली तक्रार वाया जाते, आणि ती न करता घेतलेला महागडा प्लॅनही वाया जातो.

आधी एकक पाहावे

वेगाविषयीच्या तक्रारींपैकी काही तर निव्वळ एककाच्या घोटाळ्यातून उद्भवतात. जाहिरातीतला ‘एमबीपीएस’ म्हणजे दर सेकंदास इतके मेगाबिट. संगणकावर एखादी फाइल उतरवून घेताना जो आकडा दिसतो, तो बहुधा मेगाबाइटचा असतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. जुन्या नाण्यांची आठवण असणाऱ्या वाचकांनी बिट म्हणजे आणा आणि बाइट म्हणजे अधेली असे समजावे. शंभर आण्यांच्या साडेबारा अधेल्या होतात, तसे १०० मेगाबिटांचे साडेबारा मेगाबाइट होतात. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर संगणकाने ११ किंवा १२ मेगाबाइट दाखविले, तर कंपनीने नवदशांश वेग गिळला असा अर्थ नव्हे. तो पुरता वेग आहे.

हा आकडा साडेबाराच्या थोडा खालीच का राहतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवरून येणारा मजकूर एकसंध धारेने येत नाही. तो लहान लहान पुडक्यांतून येतो. एका पुडक्यात साधारणतः १,५०० बाइट असतात. त्यांपैकी ४० बाइट पत्ता, अनुक्रम इत्यादी नोंदींत जातात आणि १,४६० बाइट मजकुराला उरतात. शिवाय हे पुडके केबलवरून नेताना आणखी ३८ बाइटांचे वेष्टन लागते. म्हणजे १,५३८ बाइट वाहून नेले तेव्हा आपल्या हाती १,४६० आले. शेकडा ९५ च्या आसपास. पार्सलात वस्तूबरोबर खोक्याचेही वजन भरते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा शंभराच्या जोडणीवर चौऱ्याण्णव-पंच्याण्णव दिसले, तर त्यावरून कोणाशी भांडू नये.

काचेच्या तंतूतून काय येते

दोष कोठे आहे हे कळण्यासाठी वाट कोणती आहे हे ठाऊक असावे लागते, म्हणून या तंतूची थोडी ओळख करून देतो. काचेच्या आत प्रकाश कोंडून त्यास हवे तसे वळविता येते, हे तत्त्व शाळेच्या विज्ञानातले ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ होय. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखविली. त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठविता येतील, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले आणि १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच प्रत्यक्ष तयार केली. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कपानी यांना भारत सरकारने २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आपल्या दाराशी आलेल्या तंतूची काच सव्वाशे मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाहून किंचित जाड असते, आणि प्रकाश वाहणारा तिचा गाभा अवघा नऊ मायक्रॉनचा असतो. त्याच्या टोकावर बसलेला धुळीचा एक कणसुद्धा त्या गाभ्याहून मोठा असू शकतो. तंतूच्या टोकास बोट लावू नये असे लाइनमन बजावतो, त्याचे कारण हे आहे. त्या टोकात डोळा लावून पाहूही नये. आतला प्रकाश अवरक्त असल्यामुळे तो दिसत नाही, परंतु डोळ्यास अपाय करू शकतो.

हा तंतू एकट्या आपल्यासाठी कंपनीच्या केंद्रापासून आलेला नसतो. घरगुती जोडण्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘जीपॉन’ पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू वाटेत ‘स्प्लिटर’ने फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. या स्प्लिटरला वीज लागत नाही. देवघरातील एका समईच्या उजेडात अनेकांनी पोथी वाचावी, तसा एकच प्रकाश सर्वांकडे जातो आणि ज्याच्या त्याच्या घरची पेटी आपल्या नावाचा मजकूर तेवढा उचलते. घरांकडे येणाऱ्या दिशेने त्या एका तंतूची क्षमता सुमारे २,४८८ एमबीपीएस आहे. तिचे ३२ समान भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ७८ येतात. ६४ केले तर ३९.

मग १०० किंवा ३०० चे आश्वासन खोटे म्हणावे काय? तसे नाही. बत्तीस घरांतील सर्व माणसे एकाच सेकंदास पूर्ण वेगाने फाइल उतरवीत आहेत, असे सहसा घडत नाही. बँकेतील सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढावयास येत नाहीत, या विश्वासावर बँक चालते. ही व्यवस्थाही तशीच चालते. परंतु कंपनीने फाटे वाढविले आणि पुढची वाट रुंद केली नाही, तर रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, जेव्हा घरोघरी चित्रपट लागलेले असतात, तेव्हा ताण पडतो. वेग पहाटे पूर्ण आणि रात्री अर्धा असेल, तर संशयाची सुई प्रथम येथे वळते.

मोजण्याची रीत

वेग मोजण्याची रीत अवघड नाही; तिला शिस्त मात्र हवी. मोबाइल हातात घेऊन माजघरातून केलेली मोजणी तंतू, पेटी, वायफाय आणि मोबाइल या चौघांची मिळून असते. त्यांतला दोषी कोण, हे तिच्यावरून ठरत नाही. म्हणून पहिली मोजणी वायफाय वगळून करावी.

लॅपटॉप किंवा संगणक केबलने थेट पेटीस जोडावा. त्याचे वायफाय बंद करावे. घरातील टीव्ही, मोबाइल, कॅमेरे यांची जोडणी तेवढ्यापुरती काढावी; विशेषतः मोबाइल गुपचूप फोटो चढवीत असतात, त्यांकडे लक्ष द्यावे. कचेरीचा लॅपटॉप असेल, तर त्यावरील ‘व्हीपीएन’ बंद असल्याची खात्री करावी, कारण त्यामुळे सारी वाहतूक कचेरीच्या दूरच्या वाटेने वळसा घेऊन येते. मग वेग मोजणारे कोणतेही प्रचलित संकेतस्थळ उघडून लागोपाठ तीनदा मोजावे आणि मधला आकडा घ्यावा. मोजणीचे केंद्र, म्हणजे ‘सर्व्हर’, आपल्याच कंपनीचा निवडला तर केवळ कंपनीच्या हद्दीतला वेग कळतो. म्हणून एकदा तो आणि एकदा दुसऱ्या कंपनीचा, जवळच्या मोठ्या शहरातला निवडावा.

ही मोजणी सकाळी सहा-सात वाजता, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, अशी सलग तीन दिवस करावी. एका वहीत तारीख, वेळ, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग आणि ‘पिंग’ असे पाच रकाने आखावेत. पिंग म्हणजे हाकेला ओ मिळण्यास लागलेला वेळ. तो जितका कमी तितका बरा. त्यानंतर वायफायवरून दोन मोजण्या कराव्यात: एक पेटीच्याच खोलीत आणि दुसरी जेथे अडचण येते तेथे. तीन दिवसांची ही हजेरी भरली, की बहुतेक वेळा निदान आपोआप समोर येते.

केबलवर वेग पूर्ण आणि वायफायवर अपुरा असेल, तर दोष घरात आहे. केबलवर वेग पहाटे पूर्ण आणि रात्री अपुरा असेल, तर बाहेर गर्दी आहे. केबलवर तो सदैव अपुरा असेल, तर केबल, पेटी, प्लॅन किंवा तंतू यांपैकी काहीतरी तपासावे लागेल. मोजणी सर्वत्र पूर्ण येऊनही एखादेच संकेतस्थळ रखडत असेल, तर बहुधा त्या संकेतस्थळाचीच गती मंद असते. त्याला आपली कंपनी बहुधा जबाबदार नसते.

चौऱ्याण्णववर अडलेला वेग

आता एक आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. प्लॅन २०० चा किंवा ३०० चा आहे आणि केबलवरील मोजणी मात्र दर वेळी ९३ ते ९५ च्या दरम्यान येते, अशी स्थिती असेल तर कंपनीस दूरध्वनी करण्यापूर्वी केबल पाहावी. संगणकाच्या जाळ्याची केबल आठ तारांची, म्हणजे चार जोड्यांची असते. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात. १,००० ला चारही लागतात. आठांपैकी एक तार तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नाही, तर दोन्ही बाजूंची यंत्रे आपसांत ठरवून १०० वर उतरतात. इंटरनेट चालूच राहते, त्यामुळे कोणास संशय येत नाही. आणि पुडक्यांच्या वेष्टनाचा हिशेब वजा जाता आकडा ९४ वर थबकतो.

दुसरे कारण पेटीचे किंवा राउटरचे. जुन्या अथवा स्वस्त राउटरांचे केबलचे खणच १०० पर्यंतचे असतात. अशा राउटरमागे ३०० चा प्लॅन घेणे म्हणजे बोळात चौपदरी रस्ता आणून सोडणे होय. राउटरच्या तळाशी किंवा खोक्यावर ‘गिगाबिट’ असा उल्लेख आहे की नाही ते पाहावे. केबलवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ असे छापलेले असावे. जुन्या लॅपटॉपचा खणही १०० चाच असू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

भिंती, कपाटे आणि वायफाय

आता आपल्या घरांकडे वळू. मराठी मंडळींची जुनी घरे, मग ती बेळगाव-गोव्याकडील जांभ्या दगडाची असोत की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाडे असोत, भिंतींच्या बाबतीत उदार असतात. या भिंतींनी उन्हाळा बाहेर ठेवला. आता त्या वायफायही अडवितात.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिच्यावर वेग बेताचा आणि गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी हे सारे त्याच पट्टीत गोंगाट करतात. एका अँटेनाचा साधा मोबाइल तेथे कागदोपत्री ७२ एमबीपीएसवर जोडला जातो आणि प्रत्यक्षात चाळीस-पन्नास पदरात पडतात. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी पुष्कळ अधिक वेगवान आहे, परंतु एकदोन जाड भिंतींत ती दमते. पुष्कळ राउटरांवर या पट्टीचे नाव ‘५जी’ असे शेवटी जोडून येते. मोबाइल कंपन्यांच्या ‘फाइव्ह-जी’शी त्याचा संबंध नाही, येथे ‘जी’ म्हणजे गिगाहर्ट्‌झ. पेटीच्या खोलीत ५ ची आणि दूरच्या खोलीत २.४ ची पट्टी वापरावी, हा साधा नियम.

राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीच्या वर आणि उघड्यावर असावा. तो लोखंडी कपाटामागे, टीव्हीच्या पाठीशी किंवा माशांच्या काचपेटीजवळ ठेवू नये; धातू आणि पाणी दोन्ही या लहरींचे वैरी आहेत. पुष्कळ ठिकाणी तो दाराशी असतो, कारण तंतू लावणाऱ्यास तेथेच सोयीचे पडते. जोडणी घेतानाच दोन-चार मीटर तंतू अधिक मागून घ्यावा आणि पेटी आत आणवावी. २.४ च्या पट्टीत १, ६ आणि ११ हे तीनच ‘चॅनेल’ एकमेकांवर न चढणारे आहेत. शेजारी ज्यावर नसेल तो निवडावा.

आमच्या एका स्नेह्यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ दगडी भिंतींच्या दुमजली घरात राहतात. माडीवर नातू अभ्यास करतो आणि त्याचा वर्ग वरचेवर तुटे. त्यांनी कंपनीच्या मुलास तीनदा बोलाविले, तीनदा त्याच्यावर तोंडसुख घेतले आणि अखेर १०० चा प्लॅन ३०० चा केला. “हेडमास्तर, पैसे वाढवले, पण वर काडीचा फरक नाही बघा,” असे ते आम्हांस म्हणाले. त्यांच्याकडे जाऊन आम्ही मोजले, तो पेटीजवळ केबलवर ९४ आणि माडीवर वायफायने ११.

केबल बदलताच खालचा आकडा २८५ झाला. जुन्या केबलच्या प्लगात आठांपैकी चारच तारा घातलेल्या होत्या. माडीवरचा आकडा मात्र ११ च राहिला, कारण तेथे अडचण दोन भिंती आणि एक पाटणी यांची होती. शेवटी जिन्याच्या कडेने एक केबल वर नेली आणि घरातलाच जुना गिगाबिट राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून माडीवर बसविला. तेव्हा नातवाच्या टेबलाशी दीडशेच्या वर वेग आला. स्नेह्यांनी पुढल्याच महिन्यात प्लॅन पुन्हा १०० चा केला आणि वर्ग एकदाही तुटलेला नाही. ज्या मुलावर तोंडसुख घेतले गेले, त्याचे काम आरंभापासून चोख होते, हेही येथे नमूद करणे न्याय्य ठरेल.

केबल नेणे शक्य नसेल, तर ‘मेश’ जातीचे दोन-तीन राउटर परस्परांशी बोलून घर व्यापतात. भिंतीत खुपसायचे स्वस्त ‘एक्स्टेंडर’ही मिळतात, परंतु त्यांतले पुष्कळसे ऐकणे आणि बोलणे एकाच पट्टीवर करीत असल्याने वेग निम्म्यावर येतो. जाड भिंतींच्या घरात केबलीसारखा खात्रीचा उपाय नाही.

दोष बाहेर असेल तेव्हा

वहीतील आकड्यांवरून दोष बाहेर आहे असे ठरले, तर मात्र संकोच करू नये. प्रथम प्लॅनचा कागद वाचावा. बहुतेक प्लॅनांत ‘एफयूपी’ नावाची मर्यादा असते. महिन्याला ठराविक जीबी वापरून झाले, की वेग खाली येतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात वेग पूर्ण आणि शेवटी एकदम मंद, असा अनुभव असेल तर कारण हेच. ही मर्यादा किती, मर्यादेपर्यंत वेग किती आणि ती ओलांडल्यावर किती, हे ग्राहकास स्पष्टपणे सांगावे, असा निर्देश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१६ साली कंपन्यांना दिला. येथे आपल्या ‘पर्यंत’ या अव्ययाला निदान थोडा लगाम बसला. सरकारच्या व्याख्येनुसार ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यास लागणारा किमान वेग २००४ साली २५६ केबीपीएस होता. २०१३ साली तो ५१२ केबीपीएस आणि २०२३ साली २ एमबीपीएस झाला. जाहिरातीतले शेकडे आणि ही किमान मर्यादा यांतले अंतर पाहिले, म्हणजे ग्राहकाने स्वतः जागरूक राहणे का आवश्यक आहे ते कळते.

पेटीवरील दिवे पाहावेत. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असावा. ‘एलओएस’ हा तांबडा लागला, तर प्रकाश पोहोचत नाही. तंतू कोठेतरी तुटला, दुमडला किंवा उंदराने कुरतडला आहे. तंतू खिळ्याभोवती गुंडाळू नये, दाराच्या फटीत चेंगरू देऊ नये. वळण द्यावयाचे तर निदान तीन सेंटिमीटर त्रिज्येचे द्यावे. लाइनमन येईल तेव्हा त्याच्याजवळच्या मीटरवर प्रकाशाचे मापन करून दाखविण्यास सांगावे. हा आकडा उणे चिन्हाचा, ‘डीबीएम’मध्ये असतो, उणे १८ किंवा उणे २० हा निरोगी, उणे २७ च्या पलीकडे गेला तर तंतू, जोड किंवा स्प्लिटर तपासावाच लागतो. प्रकाश मंद होत गेला तसा वेग हळूहळू घटतो, असा समज आहे. तो तितकासा बरोबर नाही. एका मर्यादेपर्यंत वेग पूर्ण राहतो आणि ती ओलांडल्यावर चुका होऊ लागतात, जोडणी तुटते, पुन्हा लागते. म्हणून ‘मधूनमधून जाते’ ही तक्रार प्रकाशाची आणि ‘रोज रात्री मंदावते’ ही गर्दीची, असे स्थूलमानाने धरावे.

तक्रार लेखी करावी आणि तीत विशेषणांऐवजी आकडे असावेत. नमुना असा: ‘आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. मासिक मर्यादा संपलेली नाही. संगणक केबलने थेट आपल्या पेटीस जोडून, अन्य साधने बंद ठेवून, सलग तीन दिवस मोजलेला वेग सकाळी ९४, दुपारी ९० आणि रात्री साडेनऊला ३२ असा आढळला. मोजणीची चित्रे सोबत जोडली आहेत. कृपया आपल्या बाजूची तपासणी करून लेखी उत्तर द्यावे.’ असे पत्र वाचणाऱ्यास ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच सांगून सुटता येत नाही.

तक्रार नोंदविल्यावर तिचा क्रमांक अवश्य घ्यावा. मुदतीत निवारण झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची व्यवस्था प्रत्येक कंपनीस बंधनकारक केली. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही. तेथेही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेविषयीचे गाऱ्हाणे ग्राहक आयोगापुढे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. अशा प्रत्येक पायरीवर ती तीन दिवसांची वही आपला साक्षीदार ठरते.

किती वेग पुरेसा?

अखेरीस एक व्यावहारिक सूचना. समोरासमोर बोलण्याच्या चित्रफोनला एक ते चार एमबीपीएस पुरतात. उत्तम प्रतीच्या चित्रपटास पाचच्या आसपास लागतात आणि मोठ्या पडद्यावरच्या ‘फोर-के’ चित्रास पंधरा ते पंचवीस. चार-पाच माणसांच्या घरास खरोखर मिळणारे १०० भरपूर होतात. त्याहून अधिक घेण्यास आमची हरकत नाही; परंतु ते गरज म्हणून घ्यावेत, भिंतीवरचा उपाय म्हणून घेऊ नयेत.

घरात नववी-दहावीत शिकणारे मूल असेल, तर ही मोजणी त्याच्यावर सोपवावी. बिट-बाइटचे गणित, प्रकाशाचे परावर्तन, सरासरी आणि मधली संख्या, शिवाय एक नेटके तक्रारपत्र, इतका अभ्यास एका वहीत होतो. येत्या रविवारी सकाळी, आजीचे प्रवचन सुरू होण्यापूर्वी, पहिला आकडा लिहून टाकावा.